तारी घराण्याची दोरी

फार वर्षांपूर्वी खाजणवाडीच्या खाडीत इंजिनाचा आवाज नव्हता. वल्हं होतं, शीड होतं आणि तोंडात शिव्या होत्या. मग सखा तारी होडीच्या मागे टांगायचं एक इंजिन घेऊन आला, आणि पुढच्याच वर्षी पलीकडच्या वाडीने दुसरं आणलं. एका खाडीत दोन इंजिनं म्हटल्यावर शर्यतीला मुहूर्त कशाला हवा? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी होड्या सुटायच्या आणि खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या काठीला वळसा घालून परत यायच्या. सात वर्षं मानाचा नारळ तारींच्याच घरी गेला. असं म्हणतात की इंजिनाला कुठे दुखतंय हे सखा नुसत्या आवाजावरून सांगायचा.

आठव्या वर्षी होडीत त्याचा मुलगा विश्राम बसला. सखाच्या बायकोला, भामाला, हे मुळीच पसंत नव्हतं. पण शर्यत बघायची नाही असं म्हणाली ती, आणि छोटी होडी वल्हवत नवऱ्याला घेऊन थेट काठीजवळ जाऊन थांबलीही तीच. सखाचे हात रिकामे राहत नसत. तो तिथेही जाळं फेकत बसला.

इंजिनाच्या दांड्याला वेगाची मूठ असते. पिळली की होडी धावते, हात सैल पडला की मंदावते. सरावात वळणावर विश्रामचा हात सैल पडायचा, म्हणून सखाने त्या सकाळी बांबूची कामटी तासली आणि पिळलेली मूठ सुटू नये अशी फटीत ठोकून दिली. सात नारळ खाल्लेल्या माणसाला कोण शहाणपण शिकवणार!

विश्राम काठीपर्यंत पहिला आला. वळला, आणि लाटेवर होडी उडाली तसा पाण्यात फेकला गेला. काठावर आधी हशा पिकला. तारीचं पोर आणि होडीतून पडतं?

मग हशा थांबला, कारण होडी थांबली नव्हती.

इंजिनाचा दांडा एका बाजूला पडला होता आणि कामटी मूठ सोडत नव्हती. रिकामी होडी गोल फिरू लागली, आणि त्या गोलाच्या मधोमध विश्राम होता. होडी आली की तो बुडी मारायचा, डोक्यावरून इंजिनाचा पंखा गेला की वर यायचा, आणि पुरता श्वास घेण्याआधी होडी पुन्हा यायची. पोहून बाहेर पडावं तर त्याचा एक खांदा निखळलेला. दुसरी होडी जवळ जायला धजेना. भामा फेऱ्या मोजत होती. पाचव्या बुडीनंतर पोराला वर यायला फार वेळ लागला. असं म्हणतात की तेव्हा भरतीचं पाणीसुद्धा जागच्या जागी थांबलं.

"आत घे होडी," सखा म्हणाला.

भामाने घेतली. सखा उभा राहिला आणि जाळं खांद्यावर चढवलं. फेकायच्या जाळ्याची दोरी मनगटाला फासाने बांधलेली असते, नाहीतर जाळं हातचं जातं. भामाला पुढचं सगळं दिसलं.

"ओ, दोरी काढा हातातली! पंखो ओढून न्हेतलो तुमका!"

"दोरी सोडलय तर जाळा उघडूचा नाय."

"मी सांगतंय ना, काढा!"

"भामा, ती कामटी माझी," सखा म्हणाला. "होडी सरळ धर."

तिने धरली. 

जाळं होतं जेमतेम दहा हातांचं. पण असं म्हणतात की ते वर जाऊन खळ्याएवढं उघडलं आणि त्याची सावली दोन्ही वाड्यांवर पडली. जाळ्याच्या कडेचे शिशाचे मणी पाण्यावर वाजले. पंख्याने जाळं गिळलं, इंजिन घुसमटलं, आणि होडी विश्रामच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

सखा मात्र छोट्या होडीत नव्हता. दोरीने त्याला खाली नेलं होतं. भामाने मासे कापायची कोयती दातांत धरली आणि उडी मारली. ती किती वेळ पाण्याखाली होती, हे प्रत्येक घर वेगळं सांगतं. वर आली तेव्हा एका हातात नवरा होता. दुसऱ्या हाताने तिने पोराला धरलं.

सखा जगला. पण त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत, आणि त्याने जाळं फेकलं नाही. त्या मनगटाला तेल चोळताना एकदा भामा म्हणाली, "हाताक दोरी बांधूचीच तर अशी बांधूया, माणूस पडलो की इंजिन मरात." विश्रामने दोरीचं एक टोक इंजिनाच्या प्लगच्या टोपीला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. टोपी ओढली जाऊन निघाली की ठिणगी तुटते आणि इंजिन मरतं. तारींनी इंजिनाला दावं लावलं, म्हणून पलीकडची वाडी वर्षभर हसली. पुढच्या जत्रेत त्यांचाच गडी, बिनदोरीचा, वळणावर पडला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

तारींनी पुढे किती नारळ जिंकले ते आता कोणाला आठवत नाही. इंजिनं मोठी झाली, होड्या पाण्याला जेमतेम शिवतात. पण आजही शर्यतीआधी तारींच्या घरातली बाई कमरेएवढ्या पाण्यात उतरते, आपल्या वाडीच्या आणि परक्या, सगळ्यांच्या मनगटाला दोरी बांधते आणि चालू इंजिनावर ती ओढून बघते. इंजिन बंद पडलं, तरच ती हात सोडते.