येसूबायचा सुंभ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा माझ्या सासूबाईसुद्धा जन्मल्या नव्हत्या. म्हणजे बघा!

आमच्या गावात, करंजवेळेत, तेव्हा येसूबाय राहायची. देवीची साथ आली आणि तिचे दोन्ही डोळे घेऊन गेली. तिच्यासारखे गावात आणखीही काही जण होते. गाव वाईट नव्हतं हो. गावानं त्यांना देवळाची पडवी दिली, घराघरानं पाळी लावून जेवण पोचवलं, मडकी भरून ठेवली. ताकीद एकच, पडवी सोडायची नाही. देवळापासून उतरणाऱ्या दगडी पाखाडीच्या पायऱ्या उंचसखल, खाली पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, वाहतं पाणी. कुणी पडलं तर पाप गावाला.

एक दिवस येसूबाय गावच्या मानकऱ्याला, धाकू गावकाराला म्हणाली, "भाकरी द्या, ती मी खाईन. पण पाणी माझं मी आणीन."

"गो येसू, पडलीस म्हंजे?"

"मडकं फुटेल. मडकं माझं, टाळकंही माझंच."

"आणि पाणी द्यायला आम्ही काय मेलो?"

"मेल्यावर कोण देणार? म्हणून तर आत्ताच शिकते!"

मग तिनं खाडीत भिजलेली नारळाची सोडणं मागून घेतली, कुटली, काथ्या काढला आणि मांडीवर वळून सुंभ केला. मांडीचं सालटं निघालं, पण सुंभ लांबत गेला. पडवीच्या खांबापासून झाडाझाडाला बांधत तिनं तो पार पऱ्ह्यापर्यंत नेला. वळण आलं की एक गाठ, पायरी आली की दोन. पहिल्याच दिवशी ती आपटली, मडकं फुटलं. तशीच बसून हसली, म्हणाली, "एक झालं!" आणि दुसरं मडकं घेऊन निघाली. असं म्हणतात, की पऱ्ह्यातल्या खेकड्यांनीही बाजूला होऊन तिला वाट दिली. आमच्याकडच्या खेकड्यांचा स्वभाव मला माहीत आहे. मला तर हाच सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो.

हळूहळू पडवीतले बाकीचेही सुंभ धरून उतरायला लागले. गावाला काही करमेना. ही माणसं अशी आपापली फिरायला लागली, तर पाळीचं पुण्य मिळायचं कसं?

तेवढ्यात शिमगा आला. देवाची पालखी पाखाडीवरूनच घरोघर निघायची, आणि जांभळाच्या झाडापाशी सुंभ वाट ओलांडून पलीकडे जायचा. गावकारानं कोयत्यानं सगळा सुंभ तोडला आणि होळीत टाकला.

येसूबाय होळीपाशी आली. "जाळलात? बरं केलंत. आता पीळ बघा."

राख थंड झाल्यावर तिनं आत हात घातला. असं म्हणतात, सुंभ जळला होता, पण पीळ तसाच होता. तिनं राखेतला पीळच चिमटीत धरला आणि तिथूनच पुढं वळायला घेतलं. पालखी निघेपर्यंत सुंभ जागच्या जागी! ती म्हण आमच्याच गावात जन्मली असं मी माहेरी सांगते, तेव्हा माहेरचे हसतात. हसू देत.

पालखी जांभळापाशी आली आणि जड झाली. खांदेकरी घामाघूम झाले. गावकारानं गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, काय चुकलं माकलं असेल तर पोटात घाल..." सगळे ओरडले, "होय महाराजा!" पालखी हलेना.

येसूबाय सुंभ धरून उभी होती. म्हणाली, "देवाला कशाला पिडता? जरा वाकून बघा की."

"तुझ्यासाठी देव वाकायचा?"

"देवाचं मला माहीत नाही. तुम्ही वाका."

खांदेकऱ्यांनी गुडघे टेकले. पालखी फुलासारखी हलकी झाली आणि सुंभाखालून पलीकडे गेली. मागोमाग अख्खं गाव वाकलं. शेवटी गावकारही वाकला, पण पुरता नाही. त्याचं मुंडासं सुंभाला अडकून राहिलं. तो मागं वळून न बघता निघून गेला. येसूबायनं ते चाचपलं आणि विचारलं, "हे गो कसलं फळ लागलं?"

त्या वर्षापासून पाळी बदलली. भाकरी थांबली नाही, पण प्रत्येक घरानं आपल्या वाटणीचा सुंभही वळून द्यायचा. आज येसूबायच्या नावाचं मंडळ आहे. सुंभ एसटीच्या थांब्यापर्यंत आणि रेशनच्या दुकानापर्यंत गेलाय. वयानं म्हणा, साखरेनं म्हणा, कुणाची नजर गेली की मंडळाची माणसं घरी जातात. तांदूळ-नारळ नंतर. आधी सुंभाचं टोक हातात देतात आणि विचारतात, "कुठं जायचंय?" सांगतील तिथवर सुंभ जातो. आमच्या अनसूयाकाकी म्हणाल्या, "सुताराकडे, पत्ते खेळायला." मग गेला सुतारापर्यंत!

माझा सुंभ नेहमी सैल होतो. सासूबाई तो उकलतात आणि पुन्हा वळतात. पण हल्ली माझ्या चष्म्याचा नंबर वाढत चाललाय. परवा मी सगळ्यांच्या चहात मीठ घातलं. तेव्हापासून जरा घट्ट वळते.

शिमग्याला पालखी अजून जांभळापाशी गुडघे टेकून जाते. दरवर्षी कुणीतरी नवा पाहुणा, इस्त्रीची घडी सांभाळत, म्हणतोच, "अहो, दोरी काठीनं जरा वर उचला की."

पाखाडीवरचं अख्खं गाव ओरडतं, आणि सुंभ धरून चालणारे सगळ्यात मोठ्यानं:

"वाका!"