मेण्याची भाकरी

दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढायला अक्कल लागत नाही, अधिकार लागतो. करंजगडचे राजवैद्य भास्करबुवा यांच्याकडे तो होता. त्यांनी हुकूम काढला की, खलिते घेऊन धावणाऱ्या जासुदांनी भाकरी, गूळ आणि मीठ सोडायचं. फळं, कंद आणि भिजवलेले मूग एवढंच खायचं. म्हणे त्याने अंग हलकं होतं आणि पाय वाऱ्यासारखे पळतात. बुवा स्वतः देवळापर्यंत जायलाही मेणा मागवायचे.

आठव्या दिवशी हैबती जासूद घाटात पायात गोळे येऊन कोसळला. सकाळचा खलिता संध्याकाळी पोचला.

"पथ्य उत्तम आहे," बुवा दरबारात म्हणाले. "हा माणूसच आळशी. काढून टाका याला."

वीस वर्षं घाट तुडवलेल्या हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो आवाज न चढवता म्हणाला, "महाराज, पथ्य उत्तमच असेल. पुढच्या आठवड्यात बुवा मेण्यातून घाट उतरून सासुरवाडीला जाणार आहेत. तोवर त्यांच्या भोयांनाही हेच खाऊ घाला."

बुवा ताडकन उठले. "भोयांना नको. कड्यावर त्यांचे पाय लटपटले तर मी दरीत जाईन."

"म्हणजे बुवा, तुमच्या मेण्याला भाकरी लागते, आणि महाराजांच्या खलित्याला लागत नाही?"

जासुदांची भाकरी त्याच दिवशी सुरू झाली. भोयांना महाराजांनी सुट्टी दिली. बुवा सासुरवाडीला पायी गेले, कनवटीला भिजवलेले मूग बांधून.