एकतीस घड्याळं आणि हेमलता

कोल्हापूरचे कारखानदार अवधूतराव रांगणेकर यांच्याकडे एकतीस महागडी घड्याळं होती. रोज सकाळी ते एकेकाला स्वतः चावी देत, मऊ फडक्याने पुसत आणि कानाशी धरून टिकटिक ऐकत. त्यांची बायको हेमलता दारातून हे लाड बघायची आणि आतल्या आत जळायची. घड्याळ चार सेकंद मागे पडलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे; ती मात्र दोन दिवस तापाने फणफणली होती, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

एकदा ते पाहुण्यांना नवं घड्याळ दाखवत असताना कुणीतरी विचारलं, "वहिनींना आवडतात का घड्याळं?"

"छे, जळते ती त्यांच्यावर!" अवधूतराव म्हणाले. "पण हिला चावी द्यावी लागत नाही. आमची ही ऑटोमॅटिक आहे, आपली आपण चालते."

सगळे खो खो हसले. चहा घेऊन आलेल्या हेमलताचे कान तापले.

"जळते, खरंच," ती म्हणाली. "पण अहो, ऑटोमॅटिक घड्याळ हातात घातलं तरच चालतं ना? कपाटात ठेवलं की दोन दिवसांत बंद पडतं, असं तुम्हीच सांगता."

पुन्हा हशा उसळला, पण या वेळी तो अवधूतरावांवर होता. ते ओशाळले. हातातलं घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं, सोफ्यावर जरा सरकले आणि म्हणाले, "ये, बैस इथे."