मापाची गाय

पूर्वी मरुकच्छ नावाच्या कोरड्या देशात राजा अमोघवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवळ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सुतन. आईबाप लवकर गेले. मागे बहीण रेवती, अकरा गाई आणि टेकडीच्या उताराचे एक कुरण एवढे उरले.

त्या देशात पाऊस थोडा आणि गवत त्याहून थोडे. म्हणून तिथल्या गवळ्यांची एक रीत होती. प्रत्येक घर आपल्या कुरणाचा एक भाग आळीपाळीने बाजूला ठेवी आणि त्याच्या कडेने दगड मांडी. त्याला ते निजलेले कुरण म्हणत. गवताचे बी पिकून गळेपर्यंत त्या दगडांच्या आत गुरे सोडायची नाहीत, म्हणजे कुरण उठवायचे नाही. ही रीत वडीलधाऱ्यांनी लहानांना शिकवलेली होती. पुढे ती मोडली, तीही वडीलधाऱ्यांनीच.

एका वर्षी पाऊस फार कमी झाला. राजा दयाळू होता. त्याने आज्ञा काढली की, ज्याचे कुरण ओसाड पडले असेल त्याला कोठारातून धान्य आणि गुरांसाठी कडबा मिळेल. आता ओसाड कशाला म्हणावे, हे ठरवायला माप हवे. तृणाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याने माप ठरवले. राजाच्या गोठ्यातली एक धष्टपुष्ट पांढरी गाय कुरणाच्या मधोमध उभी करायची. तिचे खूर दिसले तर कुरण ओसाड. गवतात झाकले गेले तर कुरण चांगले, मदत नाही.

ही बातमी आली तेव्हा वस्तीतला सर्वांत वृद्ध गवळी कर्दम याने साऱ्यांना वडाखाली बोलावले.

तो म्हणाला, "आजपासून सगळ्यांनी निजलेली कुरणं उठवा. खूर दिसला पाहिजे."

सुतन म्हणाला, "आजोबा, अजून बी गळलं नाही. आज उठवलं तर पुढच्या वर्षी उगवणार काय?"

"पुढच्या वर्षी राजा आहे की!"

सगळे हसले. रेवती हसली नाही. ती म्हणाली, "राजा उगवतो होय आजोबा? कोणत्या महिन्यात?"

"सुतन, बहिणीला आवर. मोठ्यांमध्ये बोलते."

"मोठे गवताच्या बाजूने बोलले असते, तर मी गप्प बसले असते," रेवती म्हणाली.

पंधरा दिवसांत वस्तीची सारी कुरणे मातीला लागली. सुतनने मात्र आपले दगड हलवले नाहीत. तृणाध्यक्ष आला, त्याच्यामागे दोरीने धरलेली पांढरी गाय आली. ती एकेका कुरणात उभी राहिली आणि चारही खूर दिसले. घरोघर धान्य आणि कडबा पोचला. सुतनच्या कुरणात शिरताच तिने मान खाली घातली आणि पोट भरेपर्यंत ती वर काढली नाही. तिचे खूर कोणालाच दिसले नाहीत.

तृणाध्यक्ष म्हणाला, "तुझं बरं चाललंय."

त्या वर्षी सुतन आणि रेवती यांनी बोरे आणि कंदमुळे खाऊन दिवस काढले. त्यांच्या गाई जगल्या. कुरणातले बी गळले आणि पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा उगवले.

पुढचे वर्ष आणखी कोरडे गेले. सुतनचा उतार सोडला तर टेकडीखाली सगळीकडे धूळ उडत होती. तिकडे राजाच्या मंत्र्याला कळले की, जितकी मदत द्यावी तितकी कुरणे ओसाड होतात. तेव्हा आज्ञा उलटी झाली. आता ज्याचे कुरण मापाच्या गाईचे खूर झाकेल, त्याला वर्षभराचे धान्य आणि राजाच्या गोठ्यातली एक दुभती गाय मिळणार होती. ज्या वस्तीत असे एक तरी कुरण सापडेल, त्या वस्तीच्या सगळ्या गुरांना कडबा मिळणार होता. पण एकाने दुसऱ्याचे राखलेले कुरण मोडल्याचे आढळले, तर साऱ्या वस्तीला काहीच मिळणार नव्हते. तपासणी कार्तिकी पौर्णिमेला ठरली.

पौर्णिमेला पंचवीस दिवस राहिले होते. रेवती आनंदाने म्हणाली, "दादा, आपण फक्त गप्प बसायचं. एवढंच काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्दम साऱ्या गवळ्यांना घेऊन उताराखाली आला. मागे गुरे होती. त्यांच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. एक गाय चालता चालता बसली, ती उठली नाही.

कर्दम म्हणाला, "पोरा, कडबा येईपर्यंत यांतली निम्मीसुद्धा राहणार नाहीत. तू समजूतदार आहेस."

"गेल्या वर्षी समजूतदार नव्हता वाटतं?" रेवतीने विचारले. "आजोबा, राजा उगवला नाही का अजून?"

सुतन बसलेल्या गाईजवळ गेला. तिच्या डोळ्यांवरच्या माशा त्याने हाताने उडवल्या. मग तो म्हणाला, "गुरं आत सोडा. पण माथ्याजवळचा पट्टा तेवढा निजू द्या. त्याचं बी गळायचं आहे. ते गळलं तर पुढच्या वर्षी हा उतार सगळ्यांचा. आणि तपासणीलाही तोच पट्टा कामी येईल."

कर्दमने आपल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. गवळ्यांमध्ये याहून मोठी शपथ नव्हती. दगड सरकवून पट्ट्याच्या कडेने मांडले गेले आणि गुरे आत शिरली.

त्याच आठवड्यात एक सर आली. अर्ध्या प्रहराचा पाऊस, पण कर्दमच्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर हिरवे टोक फुटले. त्याने त्या तुकड्याला काटेरी कुंपण घातले आणि आपल्या गाई सुतनच्या उतारावर ठेवल्या. दिवसेंदिवस उतारावरचे गवत संपत गेले, रस्त्याकडेचे वाढत गेले. ये-जा करणारे थांबून म्हणत, म्हातारा किती जपतो!

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी रेवती धावत आली. माथ्यावरचे दगड बाजूला पडले होते. कर्दमच्या गाई पट्ट्यात उभ्या होत्या आणि बी आलेल्या काड्यांचे शेवटचे शेंडे चघळत होत्या. कर्दम झाडाला टेकून बसला होता.

"शपथ घेतली होती तुम्ही," रेवती म्हणाली.

"गाईवर हात ठेवून घेतली होती, बाई. तीच गाय भुकेली झाली, मग कोणाचं ऐकू?"

"तुमचं कुरण आहे ना रस्त्याकडे?"

"ते निजलंय," कर्दम शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तृणाध्यक्ष आला. पांढरी गाय सुतनच्या उतारावर उभी राहिली. चारही खूर दिसले. तिने मान खाली घातली आणि धूळ हुंगून वर काढली.

तृणाध्यक्षाने विचारले, "गेल्या वर्षी इथं गुडघाभर गवत होतं. कोणाची गुरं शिरली? नाव सांग."

सारी वस्ती भोवती उभी होती. कर्दम आभाळाकडे पाहत होता. रेवतीने तोंड उघडले. सुतनने तिचा हात धरला आणि तिला वस्तीची गुरे दाखवली. ती जगली होती, पण कडब्यावाचून आणखी महिनाभर जगणार नव्हती. नाव सांगितले असते, तर कडबा तिथेच थांबला असता.

बोधिसत्त्व त्या जन्मीही खोटे बोलत नसे. तो म्हणाला, "राखायला मी होतो, स्वामी. मला राखता आलं नाही."

"बेफिकीर माणूस," तृणाध्यक्ष म्हणाला आणि दोरी ओढून पुढे गेला.

रस्त्याकडेच्या तुकड्यात पांढऱ्या गाईचे खूर झाकले गेले. वस्तीला कडबा मिळाला. कर्दमला धान्य आणि दुभती गाय मिळाली, वर तृणाध्यक्षाने त्याला गवळ्यांपुढे दोन शब्द बोलायला सांगितले. कर्दम संयमावर बोलला. निघताना तो सुतनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरा, एक सांगू? पुढच्या वेळी रस्त्याकडेला राख. माथ्यावरचं कोण बघतं?"

सुतन उतार चढून गेला आणि पडलेले दगड उचलून उघड्या मातीच्या कडेने पुन्हा मांडू लागला. रेवती मागून आली.

"दादा, याला निजलेलं नाही म्हणत. याला मेलेलं म्हणतात."

"दगड दे," तो म्हणाला.

तिने रडत रडत दगड दिले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका उन्हाळ्यात, भिक्षुसंघ एकाच झाडाच्या सावलीत बसला असताना सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कर्दम म्हणजे आजचा स्थविर पिंगल. तो सकाळीच येऊन सावली धरतो आणि उन्हात बसलेल्या तरुण भिक्षूंना सहनशीलतेचा उपदेश करतो. त्या वेळची रेवती म्हणजे समोर बसलेली भिक्षुणी सामली. सुतन मी होतो. अपराध्याचे नाव ठाऊक असूनही मुक्या जिवांसाठी ते ओठांवर येऊ न देणे, ही क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."

स्थविर पिंगलने डोळे मिटून मान डोलावली. तो सावलीतून हलला नाही.

सामली उभी राहिली. ती वयाने सर्वांत लहान होती. तिने विचारले, "भगवन्, त्या माथ्यावर पुढच्या वर्षी गवत उगवलं का?"

शास्त्यांनी पारमितेचे नाव पुन्हा एकदा सांगितले. गवताचे त्यांनी काही सांगितले नाही.