त्रेपन्नावे पान

"आता घ्यावा की थांबावं, बाबा?"

विश्वंभर उंबऱ्यातूनच बोलला. हातात दुकानाचे छापील पत्रक होते.

निरंजनबाबा मठाच्या ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"काय घ्यावा?"

"कॅमेरा. मूळबाबांच्या पोथीचे फोटो काढायला. पेठेतले शेठ पैसे देणार आहेत, पण एकदाच देणार. आज दुकानात आहे तो चांगला आहे. पाडव्याला त्याच्या पुढचं मॉडेल येतंय. त्यात फिकट शाईसुद्धा उठून दिसते म्हणे."

"दसऱ्याला काय म्हणाला होतास?"

"तेव्हा हा यायचा होता."

"आला?"

"आला. पण आता..."

बाबांनी एक किडका वाल बाजूला टाकला.

मठात पोथी एकच, मठ स्थापणाऱ्या मूळबाबांची. ती जीर्ण झाली की शिष्याने तिची नवी प्रत उतरवायची आणि जुनी नदीला द्यायची, अशी रीत. रोज आंघोळ करून, बोरूने, एक पान. या पिढीचे हे काम विश्वंभरकडे आले होते. तो शिकलेला. अक्षर देखणे, आणि ते त्याला ठाऊक होते. कॅमेरा मिळणार असे कळले त्या दिवशी त्याने बोरू खाली ठेवला. यंत्र जे एका दिवसात करील, त्यासाठी हात कोण झिजवणार?

"तुझी प्रत कुठवर आली?" बाबांनी विचारले.

"बावन्न पानं."

"कधीची?"

"आषाढातली."

"त्यानंतर पोथी उघडलीस?"

"उघडून काय करायचं? कॅमेरा आला की एकदमच..."

"आण."

विश्वंभरने बासन आणले. पाटावर ठेवून गाठ सोडली. लाल कापडातून बारीक भुसा सांडला. एक रुपेरी किडा पानाखालून निघाला आणि फटीत शिरला.

"कसर!"

"रोज पान उलटलं की ती बसत नाही," बाबा म्हणाले. "त्रेपन्नावं काढ. वाच."

विश्वंभरने पान उजेडात धरले. उजेड पानातून आरपार आला.

"'शिष्याने आधी...'"

"पुढे?"

"भोक आहे."

"भोकाच्या पुढे?"

"'...आणि मगच गुरूला विचारावे.'"

"बरं झालं," बाबा म्हणाले. "तू विचारून मोकळा झालास."

विश्वंभरची मान खाली गेली. मग त्याने एकदम वर पाहिले.

"तुम्हाला ठाऊक असेल, बाबा! ही प्रत तुमच्याच हातची. आधी काय करावं?"

बाबांनी पान हातात घेतले. त्या भोकाकडे पाहिले. आपलेच अक्षर. चाळीस वर्षांपूर्वीचे.

"आठवत नाही."

"काहीच नाही?"

"लिहून ठेवलंय, म्हणून डोक्यात ठेवलं नाही."

"मी आत्ताच जातो शेठकडे," विश्वंभर म्हणाला. "आहे तो घेऊन येतो."

"जा."

पण तो उठला नाही.

बाबाच उठले. वालाचे हात धुतले, कोरडे केले. कोनाड्यातली विश्वंभरची दौत काढली. शाई वाळून खपली झाली होती. तिच्यात पाण्याचे चार थेंब टाकले. त्याची प्रत मांडीवर घेतली, बावन्नावे पान उलटले आणि कोऱ्या पानावर बोरू टेकवला.

अक्षर वाकडे येत होते.

'शिष्याने आधी' असे लिहून झाले. मग त्यांनी चार बोटे जागा सोडली. मग लिहिले, 'आणि मगच गुरूला विचारावे.'

विश्वंभर पाहत होता. त्याला राहवले नाही.

"मधली जागा कोरी का ठेवलीत, बाबा?"

बाबांनी बोरू त्याच्या हातात दिला.

"पाडव्याला येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी."