कोंडाईचा भोपळा

तेव्हा बोरखडीला सडक नव्हती, दवाखाना नव्हता, आणि साऱ्या गावाची बाळंतपणं एकाच बाईच्या हातांवर होती. ती कोंडाई सुईण. आडव्या आलेल्या पोराला ती पोटावरूनच हाक मारी आणि पोर वळून सरळ होई, असं म्हणतात. तोंडाने मात्र फटकळ. पाटलीणबाई कळांनी ओरडायला लागली तर तिलाही म्हणे, "गळा कशाला ताणतीस? पोर तिकडून येत नसतं."

त्याच गावात अंबू नावाची सून होती. तिला पहिली मुलगी झाली, तुळसा, आणि तिचा वरचा ओठ दुभंगलेला निघाला. मग काय, गावाला काम मिळालं. ग्रहणात हिने काहीतरी चिरलं असणार. अंबू शपथा घेऊन सांगे, मी विळीला शिवलेसुद्धा नाही. मग म्हणत, सुई धरली असशील. सुई नाही, तर दाराच्या फटीतून बघितलं असशील. बोलणाऱ्याचं काय जातं? तुळसाला अंगावर पिता येईना, तेव्हा कोंडाई रोज येऊन कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजी. पोर जगली. अंबूवरचा बोल काही गेला नाही.

दुसऱ्या खेपेला तिला सातवा लागला, आणि भर वैशाखात सूर्याला ग्रहण आलं.

सासू बायजाबाई वाईट नव्हती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या सासूपुढे वाईट सासू परवडते. वेध लागले तशी तिने अंबूला आतल्या अंधाऱ्या खोलीत उताणं निजवलं. कुशीवर वळायचं नाही, खाजवायचं नाही, पाण्याचा घोट नाही. परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं केलं. ग्रहण असेतोवर मुसळ उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं म्हणतात.

"हेही पोर तसंच निघालं तर तुझा नवरा दुसरी आणील," बायजाबाई म्हणाली. "मग माझ्याच्याने अडवणं व्हायचं नाही."

अंबू पडून राहिली. जीभ टाळूला चिकटली. मग पोट दगडासारखं आवळायला लागलं. सुटायचं आणि पुन्हा आवळायचं. आतलं पोर हलायचं थांबलं. ते ऐकल्यावर मात्र बायजाबाईने परसातल्या भिंतीवरून कोंडाईला हाक घातली.

कोंडाईने पोटावर हात ठेवला. "हिला पाणी पाज. नाहीतर आजच मोकळी होईल, आणि हे पोर हाती लागायचं नाही."

"पाजलं तर ग्रहण बघतं, कोंडाई."

"किती जणींकडे बघतं गं ते?"

"जी चुकते तिच्याकडे."

कोंडाईने चुलीजवळची विळी काखेत मारली आणि शिंक्यातला लाल भोपळा उतरवला. "तांब्या भरून ठेव, बायजे. आज चुकायला मी बसते."

बाप्याने आधी सुरी लावल्याशिवाय बाईने अख्खा भोपळा चिरू नये, अशी रीत. त्यात ग्रहण. त्यात ती जाऊन बसली गावच्या पारावर, उघड्यावर. आत अंधारात पडल्या पडल्या अंबूला कोंडाईचा आवाज ऐकू आला. "ए राहू, त्या लेकीबाळींकडे काय बघतोस? इकडे बघ. माझ्या पोटात दीड भाकरी आहे, ती बिघडवायची तर बिघडव." आणि मग विळीचा आवाज, खच्च.

त्या आवाजासरशी गावावरची सावली हलली, असं म्हणतात. कौलांवरून, गोठ्यांवरून सरकत ती पारावर गेली आणि कोंडाईभोवती गोळा झाली. सारं गाव उन्हात आणि ती एकटी काळोखात, भोपळा चिरत बसलेली. बायजाबाईच्या परातीतलं मुसळ आपसूक कलंडलं. तिने तांब्या अंबूच्या तोंडाला लावला. अंबू घटाघट प्याली, कुशीवर वळली, आणि आतून पोराने लाथ मारली.

दिवस पुरे भरले आणि अंबूला धडधाकट मुलगा झाला. कोंडाईच्या वरच्या ओठावर मात्र त्या दिवसापासून एक पांढरी रेघ उमटली. कुणी म्हणतं, ती म्हातारपणाची सुरकुती होती. म्हणू द्या. त्यानंतर गावात कुणाचं पोर डाग घेऊन आलं, ओठ घेऊन आलं, की बाया सांगायच्या, "हिने नाही, कोंडाईने चिरलं." कोंडाईने कधी नाही म्हटलं नाही, आणि दर ग्रहणाला ती विळी घेऊन पारावर बसत राहिली.

ती गेली त्यानंतरच्या ग्रहणाला पार रिकामा होता. पोटुशा बाया दारं लावायला लागल्या. तेव्हा तुळसा उठली, विळी घेऊन निघाली. लोक म्हणाले, "अगं, तू कुठे?" ती म्हणाली, "माझा तर आधीच चिरलाय. माझं काय बघणार तो?" गाव हसलं. त्या ओठावरून तिच्यासोबत हसायची ती पहिलीच वेळ.

आता सडक आली. असे ओठ तालुक्याला शिवून मिळतात. पारावरचा वड वादळात गेला, कोंडाईचं घर कुठलं हेही कुणी धड दाखवत नाही. पण ग्रहण लागलं की बोरखडीत एक म्हातारी विळी घेऊन पारावर बसतेच. ग्रहण सुटल्यावर त्या भोपळ्याचे घारगे होतात, आणि पहिला घारगा पोटुशीला. त्याआधी, ऐन ग्रहणात, ती पोटुशी अंगणात येते, तांब्या तोंडाला लावते, आणि राहूला म्हणते, "तिकडे बघ, पाराकडे."