नवीन उपकरण

अख्ख्या शाळेत एकच संगणक असायचा, त्या काळची ही गोष्ट. ग्रंथालयात तो संगणक आणि त्याचा कीबोर्ड अकरा वर्षं शेजारी राहिले. आता संगणक फार अडखळायचा, म्हणून ग्रंथपाल उल्काबाई त्याच्यात नवी सिस्टीम टाकणार होत्या.

"सगळं पुसलं जाईल. मला विसरशील तू," कीबोर्ड म्हणाला.

"छे रे! आपल्या सगळ्या गप्पा मी डेस्कटॉपवर ठेवल्यात, अगदी डोळ्यांसमोर."

"अरे खुळ्या, डेस्कटॉपच तर आधी पुसला जातो!" शेजारचा प्रिंटर ओरडला. "डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं होतंस, तिथलं पुसलं जात नाही!"

पण तोवर बाईंनी बटण दाबलं होतं.

तासाभराने पडदा उजळला. संगणक आता झरझर चालत होता. कीबोर्डकडे पाहून तो अदबीने म्हणाला, "नवीन उपकरण सापडलं. नमस्कार! आपण कोण?"

"मी कीबोर्ड," तो कसाबसा म्हणाला.

"तुमच्या कळांवरची अक्षरं इतकी कशी झिजली हो?"

"एक मित्र होता. त्याच्याशी फार बोललो."

"कुठे असतो तो?"

कीबोर्डने त्या उजळ पडद्याकडे पाहिलं.

"जवळच असतो," तो म्हणाला.